बिनफोडणीचे दिवस

आमच्याकडे सुतक फिटेपर्यंत स्वयंपाकाला फोडणी देत नाहीत. वरण नुसतं शिजवून त्यात मीठ घालायचं, भाजी उकडायची आणि वरून कच्च्या तेलाची धार सोडायची. हळद नाही, मोहरी नाही. दुःखाच्या घरातून खमंग वास बाहेर जाऊ नये म्हणून. हे मला माझ्या नणंदेनं सांगितलं तेव्हा मी हॉलमधल्या चटईवर बसले होते. यजमानांना जाऊन एक दिवस झाला होता. मी मान हलवली. मला तरी फोडणी द्यायला कुठे येत होती?

आमच्या घरी स्वयंपाक हे करायचे.

लोकांना त्याची गंमत वाटायची, पण त्यामागे हौस कमी आणि गरज जास्त होती. लग्नानंतर काही वर्षांनी माझं पोट बिघडलं आणि बिघडलेलंच राहिलं. वजन उतरलं, तोंड सतत आलेलं, केस गळायचे. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करत होते. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला शिडीवर चढलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पुष्कळ औषधं झाल्यावर एका डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की ज्या प्रथिनामुळे गव्हाच्या कणकेला चिकटपणा येतो तेच माझ्या आतड्यांना सोसत नाही. गहू, मैदा, रवा, शेवया, जव, सगळं जन्मभर बंद. चिमूटभरसुद्धा नाही. दूध आतडी बरी होईपर्यंत बंद होतं. पुढे जेव्हा जेव्हा पुन्हा घेऊन पाहिलं तेव्हा त्रास झाला, म्हणून तेही सुटलं, आणि त्याच्याबरोबर दही, ताक, तूप. अंडं-मटण आमच्या घरात आधीपासूनच नव्हतं.

मला घरी यायला संध्याकाळ व्हायची. हे सातपूरला कारखान्यात पहिल्या पाळीला असायचे आणि दुपारी मोकळे व्हायचे. काय खायचं नाही याचा डॉक्टरांनी दिलेला कागद ह्यांनीच घडी करून खिशात घातला आणि स्वयंपाकघर ह्यांचं झालं. घरात घरघंटी आली. तिच्यात गव्हाचा दाणा कधी पडला नाही. सकाळी नागलीची आंबील नाहीतर मुगाची धिरडी, जेवायला ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, संध्याकाळी मी दमून आले की ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा किंवा उकडलेल्या शेंगा. शेंगदाणे भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून त्याचं दूध काढायचे आणि त्यात भगरीची खीर करायचे. ह्यांच्या हाताला विशेष चव होती असं मी म्हणणार नाही. सगळं साधं, जरा अळणीकडे झुकणारं. पण त्या जेवणावर मी उभी राहिले. स्वतःही तेच जेवायचे. "दोन स्वयंपाक कोण करत बसेल," एवढंच म्हणायचे. मी पुस्तक घेऊन बसायचे. हाक आली की पुस्तकात बोट घालून ताटावर जायचे.

निवृत्तीनंतरही हे असंच चाललं आणि मग एका सकाळी, भाकरीचं पीठ परातीत काढून ठेवलेलं असताना, हे गेले. ते पीठ कोणी उचललं मला आठवत नाही.

नणंद नांदगावहून आल्या त्या हातात एक पिशवी आणि डोक्यावर पदर घेऊनच. ह्यांच्यापेक्षा मोठ्या. मला लग्नापासून वहिनी म्हणत आल्या आहेत आणि मी त्यांना ताई. रडून झालं, आलेली माणसं गेली, आणि पदर खोचून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी, तुला काय चालतं आन काय नाय, ते एकदा नीट सांग. माझ्या हातून पाप नको."

मी सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचे डोळे पुन्हा भरले, पण तोंड थांबलं नाही.

"पोळी नको, तूप नको, दूध नको. मग संसारात तरी कशाला राहिली? त्र्यंबकला जाऊन गोसावीण व्हायचं ना."

मला हसू आलं. हे गेल्यानंतरच्या दिवसांत आलेलं पहिलं हसू ते. लगेच मला त्याची लाज वाटली आणि ताईंनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

त्या फार जपून वागत होत्या. स्वतःच्या पिशवीत प्रवासासाठी आणलेल्या गव्हाच्या दशम्या होत्या, त्या त्यांनी घरात आणल्याच नाहीत. जिन्यात बसून खाल्ल्या आणि हात धुऊन आत आल्या. दुःखाच्या घरी लोक पिठलं, भात, काहीबाही आणून देतात. ते सगळं दारातूनच हात जोडून परत पाठवलं. आपण मात्र माझ्याबरोबर भाकरी आणि मिठाचं वरण खाल्लं. ते वरण मला काही लागत नव्हतं, पण पोटात राहत होतं. दहावा झाला, गोदाघाटावरचे विधी झाले. मी खात होते, झोपत होते, उठत होते. शरीर आपलं काम करत होतं, माझी त्याला गरज नव्हती.

ताईंनी मनाशी एक ठरवलं होतं. चौदावा झाला की मला नांदगावला न्यायचं. मूलबाळ नाही, स्वयंपाक येत नाही, त्यात हे दुखणं. मी एकटी राहणार कशी? त्यांचं घर मोठं आहे, मुलं-सुना आहेत, माया आहे. आणि दिवसातून तीनदा कणीक मळली जाते. दिवाळीत मी तिथे जायचे तेव्हा हे माझा डबा वेगळा घेऊन यायचे.

मला ह्या घरातच राहायचं होतं. कारण विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. पुस्तकं आहेत म्हणून नाही. ओट्याच्या कडेला भाकरी थापताना ह्यांचा हात टेकून टेकून एक जागा गुळगुळीत झाली आहे, तेवढ्यासाठीच असेल. मी म्हणाले, "ताई, मी शिकेन हळूहळू." त्या म्हणाल्या, "या वयात? बरं, शीक. पण आधी अंगात जोर तर येऊ दे."

एवढ्यावर गोष्ट टेकली होती. मी धड राहिले तर इथे, नाहीतर नांदगाव.

तेराव्याला गोडाचं झालं. त्या दिवसापासून फोडणी सुरू होते. ताईंनी पिशवीतून एक चपटी डबी काढली आणि माझ्या नाकाजवळ धरली.

"नांदगावच्या बाजारातला हिंग. आमचा ठरलेला दुकानदार. माझ्या भावाला याच्याशिवाय वरण उतरायचं नाय. लहानपणी तर हिंग कमी पडला की ताट सरकवायचा, असा माजोरी."

तेल तापलं, मोहरी तडतडली, चिमूटभर हिंग पडला, आणि इतक्या दिवसांनी घरात जेवणाचा वास पसरला. मी खोलीत जाऊन रडले. रडताना मनात एवढं येऊन गेलं, की हा वास आपल्या घरचा नाही. पण तेव्हा काहीच आपल्या घरचं वाटत नव्हतं, म्हणून मी ते तिथेच सोडलं.

दोन दिवसांत माझं पोट फुगलं. मग जुलाब. जिभेच्या कडेला फोड आले, गुडघ्यांतून जीव गेला. ताई म्हणाल्या, "दुःख बाहेर पडतंय." शेजारपाजारचेही तेच म्हणाले. मलाही पटलं. तेरा दिवस रेटून नेलेलं आता अंगावर आलं, असं वाटलं. नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जीभ पाहिली, डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाले, "कुठून तरी गहू जातोय पोटात. शोधा."

घरी आल्यावर ताई चपला काढता काढता म्हणाल्या, "म्हणजे मी घालते का गहू?"

"असं कोण म्हणालं?"

"डॉक्टर म्हणाला ना तुझा. या घरात रांधतं कोण? मीच की."

"ताई, मी तुम्हाला काही म्हटलंय का?"

"तू कशाला म्हणशील. तू बोलतेस का कधी? पुस्तकात तोंड खुपसून बसतेस, मग समोरच्यानं समजून घ्यायचं."

ते खरं होतं. संध्याकाळी त्यांनी सगळी भांडी उतरवली, गरम पाण्यानं धुतली, घरघंटी उघडून ब्रशनं साफ केली, ज्वारी पुन्हा निवडली. पोळपाट तर आमच्या घरात नव्हताच. मी भिंतीला टेकून बसून पाहत होते. साठीच्या पुढची बाई, सख्खा भाऊ गेलेला, आणि ती माझ्या पोटासाठी डबे घासत होती.

तरीही मी बरी झाले नाही. आठवडाभराने ताईंनी माझं कपाट उघडलं आणि चार साड्या पलंगावर काढून ठेवल्या. "हे बघ, इथं राहून तू वाळून चालली. तिकडं निदान माणसं तरी हायत बघायला. मोठ्या सुनेला सांगते, तुझी चूल वेगळी मांडू गच्चीवर." मी साड्यांकडे पाहिलं. भांडायला अंगात त्राण नव्हतं. मी म्हणाले, "बरं."

त्या पंधरवड्यात सोमवार आणि एकादशी लागोपाठ आली. ताई दोन्ही धरतात. उपवासाचं म्हणजे भगर आणि शेंगदाण्याची आमटी; मला ते चालतं, आणि वेगळं रांधायला नको म्हणून मीही तेच जेवले. आमटीला जिरं, हिरवी मिरची, आमसूल. ताई तूप आपल्या वाटीत वरून घेत होत्या, माझी आमटी तेलातली. एकादशीच्या दुपारी मी सहज कपाटापर्यंत गेले, एक पुस्तक काढलं, आणि उभ्याउभ्या दोन पानं वाचली. मग लक्षात आलं की आपण उभ्या आहोत.

पुस्तक तसंच हातात धरून मी खाटेवर बसले. ग्रंथालयात कोणी अर्धवट आठवणारं पुस्तक मागायला आलं, की मी विचारायचे, काय काय आठवतं ते सांगा, आणि मग जे दोन्हीकडे जुळतं ते शोधायचे. इथेही तसंच करून पाहिलं. सुतकात मी बरी होते. उपवासाला बरी आहे. मधल्या दिवसांत नाही. भाकरी सुतकातही होती, त्याच पिठाची, त्याच तव्यावरची. भांडी तीच. हात तेच. सुतकात फोडणी नव्हती. उपवासाला फोडणी होती, पण जिऱ्याची. उपवासाला मोहरी, हळद, हिंग चालत नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. ताई हॉलमध्ये जरा आडव्या झाल्या होत्या. मसाल्याच्या डब्याशेजारी ती चपटी डबी होती. चष्मा लावून मी तिच्या मागचं बारीक छापलेलं वाचलं. खाण्याचा डिंक, मैदा, हिंग. या क्रमानं.

आयुष्यभर मी वाचण्याचा पगार घेतला आणि घरातल्या एका डबीची पाठ कधी वाचली नव्हती. ती वाचण्याचं काम ह्यांचं होतं. मला आठवलं, आमच्या फोडणीला नेहमी लसूण असायचा, ठेचलेला, कडेनं लाल झालेला, आणि जिरं. हिंगाचा वास आमच्या घरात कधी नव्हता. ह्यांना लसूणच आवडतो असं मी धरून चालले होते. हिंगाशिवाय ताट सरकवणारा मुलगा मला माहीतच नव्हता.

त्या दिवशी मी ताईंना काही बोलले नाही. त्यांनी तो हिंग मायेनं आणला होता, आणि ज्या तऱ्हेनं त्या डबे घासत होत्या ते मी विसरू शकत नव्हते. पण पलंगावर साड्या तशाच होत्या. द्वादशीला सकाळी, त्या आंघोळीला गेल्या तेव्हा, मी कुकर लावला. मुगाची डाळ शिजवली. लसूण सोलायला मला किती वेळ लागतो ते पाहून मलाच कंटाळा आला. पाट्यावर ठेचताना एक पाकळी उडून फ्रिजखाली गेली. तेल जास्त तापलं, जिरं काळं पडलं, लसूण मात्र वाचला. भाकरी थापायला घेतली तर ती मध्ये फाटली. फाटलेलीच तव्यावर टाकली.

ताई ओले केस पुसत आल्या आणि थांबल्या.

"हे काय चाललंय?"

"बसा. वाढते."

त्यांनी पहिला घास घेतला. भाकरीचा तुकडा वरणात बुडवून तसाच धरला.

"जिरं जाळलंस."

"हो."

"पण वास..." त्यांनी घास पुन्हा हुंगला. "मागं आले होते तेव्हा त्यानं असंच केलं होतं. मी म्हटलं, हिंग कुठाय रे? तर म्हणाला, संपला. म्हटलं, मी दिवाळीत दिलेला? तर म्हणाला, तोही संपला."

मग मी सांगितलं. हळू, एकेक करून. सुतकातलं, उपवासाचं, डबीवरचं. त्यांनी डबी मागून घेतली. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, तरी फिरवून फिरवून पाहिली.

"दर भाऊबीजेला मी त्याला हिंगाची डबी देत आले," त्या म्हणाल्या. "दर भाऊबीजेला. 'ताई, तुझ्या हिंगाची सर कशाला नाय' म्हणायचा. मग ते जायचं कुठं?"

जेवण अर्धवट टाकून त्या उठल्या आणि समोरच्या घराचं दार वाजवलं. तिथल्या वहिनी आमच्या जुन्या शेजारी. मला दारातूनच ऐकू येत होतं. ताईंनी डबी पुढे केली असावी, कारण त्या वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, या वर्षी तुम्ही आणलात होय? दर दिवाळीनंतर तुमचे भाऊच आणून द्यायचे. आमच्याकडे घरात वास चालत नाही म्हणायचे. एवढा छान हिंग, मी तर वाटच पाहायचे त्याची."

ताई परत आल्या. ताटावर बसल्या. मला वाटलं रडतील.

"गाढव," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं असतं तर काय मी त्याला खाल्लं असतं? आन ती बया माझ्या हिंगावर इतकी वर्षं वरण खाती." मग त्या हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि तो बराच वेळ काढला नाही. वरण गार झालं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला असं कुणाच्या पाठीवर हात ठेवायची सवय नाही.

"तुला तरी सांगितलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मला वाईट वाटेल म्हणून मला नाय सांगितलं. तुला का नाय?"

मी विचार केला. मला सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, तुमच्यापुरती वेगळी फोडणी करून घ्या. मग दोन पळ्या, दोन कढल्या, आणि एखाद्या दिवशी चूक. हे मी ताईंना सांगितलं. ते खरं कारण आहे की मी बनवलेलं, हे मला अजून माहीत नाही.

ताट धुऊन झाल्यावर त्या पलंगाशी गेल्या आणि साड्या एकेक करून कपाटात ठेवू लागल्या. "तू इथंच राहा," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "माझ्या घरात भिंतींना गहू लागलाय. मी आणखी आठ दिवस हाय, तेवढ्यात भाकरी नीट शिक. फाटकी भाकरी खाऊन दिवस काढलेस तर लोक मला नावं ठेवतील."

त्या आठ दिवसांत त्यांनी मला उकड कशी काढायची ते शिकवलं, म्हणजे भाकरी फाटत नाही. धिरड्याचं पीठ किती सैल हवं ते दाखवलं. माझ्यावर पुष्कळ ओरडल्या. "पीठ मळतेस की पुस्तकाची पानं चाळतेस? जोर लाव!" फोडणी मात्र मला करायला लावली आणि आपण लांब उभ्या राहिल्या. जिभेचे फोड हळूहळू गेले. थकवा गेला नाही. त्याचा गव्हाशी काही संबंध नसावा.

जायच्या दिवशी मी त्यांना रिक्षानं द्वारका चौकातल्या बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. ट्रकांचा, बसचा, कंडक्टरांच्या ओरडण्याचा गलका. वाटेत खायला म्हणून मी लाह्यांचा चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू दिले होते. लाडू वळले नव्हते नीट, डब्यात त्यांचा चुराच झाला असणार. बस आली तेव्हा त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "भाऊबीजेला मी येईन. हिंग नाय आणणार." मग वर चढून, खिडकीतून वाकून, "पण तुझ्या त्या शेजारणीला आता विकत घ्यावा लागेल म्हणावं!"

घरी आले. दुपार झाली होती. भूक नव्हती, पण भूक लागायची वाट पाहिली तर मी जेवणारच नाही, एवढं या दिवसांत कळलं आहे. भाकरी केली. कडेला थोडी चिरली. लसूण सोलताना मी ओट्यावरच्या त्या गुळगुळीत जागेवर हात टेकला; दुसरीकडे टेकायला तिथे जागाच नसते. जेवण झाल्यावर फोन वाजला. ताई नांदगावला पोचल्या होत्या.

"आज इकडं सगळ्यांच्या वरणाला लसूण दिला," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. मी म्हटलं, खा गपचूप. माझ्या भावानं इतकी वर्षं खाल्लं."

मी हो म्हणाले. फोन ठेवून मी मूग निवडायला घेतले. सकाळच्या धिरड्यांसाठी भिजत घालायचे होते.